कौसल्याबाईंचा फळा आणि चौदा खेपा

करी रोड स्टेशनवरून लालबागकडे चालत आलात की घेलाभाईची चाळ लागते. तळमजला, वर तीन मजले, त्यावर गच्ची. जिना लाकडी. मजल्याला अठरा पायऱ्या, म्हणजे गच्चीपर्यंत बहात्तर. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

चाळीच्या तोंडाशी भिंतीवर काळा फळा आहे. पाच फूट बाय तीन. एकतीस वर्षं तो कौसल्या घाडी लिहितात. वय एकोणसत्तर, उंची पाच फुटांना थोडी कमी. वरची ओळ लिहायला स्टूल लागतं. ते स्टूल दुसऱ्या कोणी धरलेलं त्यांना चालत नाही.

मी त्यांच्याच मिलमध्ये फिटर होतो, त्या वाइंडिंगला. तुटलेल्या सुताला गाठ मारायची, ती बोटाला लागता कामा नये, असं त्यांचं काम. शिक्षण सातवी. अक्षर छापल्यासारखं.

फळा कसा लिहायचा हे त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे. सकाळी साडेपाचला ओल्या फडक्याने पुसायचा, आडवा. गोल गोल पुसला तर पांढरा ढग राहतो. मग वाळू द्यायचा. खडूच्या भुकटीत घोळवलेला दोरा दोन टोकांना ताणून टिचकी मारायची, की सरळ रेघ. खडू आदल्या संध्याकाळी साखरेच्या पाण्यात बुडवून ठेवलेले असतात. वाटीभर पाणी, एक चमचा साखर, सपाट. असा खडू ठसठशीत उमटतो आणि कोणाच्या बाहीने पुसला जात नाही. लोक भसाभसा लिहितात आणि मग दिसत नाही म्हणून फळ्याला नावं ठेवतात.

मजकूर साधाच. पाणी अर्धा तास उशिरा येईल. दुसऱ्या मजल्यावर चावी सापडली. अमक्याचं बारसं, तमक्याचं दहावं. पण प्रत्येक बातमीच्या खाली बातमी देणाऱ्याचं नाव आणि खोली नंबर. नाव नाही, तर बातमी नाही. एकदा एक जण आला, म्हणाला, "बाई, कॉमन संडासात कोण सिगरेट ओढतो ते टाका फळ्यावर."

"टाकते की. सांग."

त्याने सांगितलं.

"खाली तुझं नाव घालते. खोली सतरा ना?"

तो आजवर परत आला नाही.

या नियमाला कारण आहे. मिल बंद होऊन वर्ष झालं होतं. तेव्हा फळा दुसरं कोणी लिहायचं. एका रविवारी त्यावर आलं, 'मिल सोमवारी सुरू. डबा घेऊन या.' खाली नाव नव्हतं. सोमवारी आम्ही शंभरेक माणसं डबे घेऊन गेटवर. गेटला कुलूप. अकरा वाजेपर्यंत थांबलो, मग समोरच्या फुटपाथवर बसून भाकरी खाल्ली आणि घरी आलो. कौसल्याबाईंच्या डब्यात सुकटीची चटणी होती. बातमी कोणी दिली ते शेवटपर्यंत कळलं नाही. नावच नाही, तर कॉलर कोणाची धरणार? पुढे फळा त्यांच्या हातात आला, तेव्हा हा नियमही आला.

आता गेल्या वर्षीची गोष्ट.

आमच्या गच्चीवर पत्र्याखाली मंडळाची व्यायामशाळा आहे. वजनं गंजलेली, बाकाचा एक पाय विटेवर. मंडळाचा सेक्रेटरी अवधूत. वय चौतीस, टॉवरमध्ये लिफ्टच्या मेंटेनन्सला आहे. पोरगा चांगला. फक्त फुकट काही दिसलं की त्याचे डोळे चमकतात. तो एक दिवस विकास नावाच्या माणसाला घेऊन आला. हा 'झुळूक' नावाच्या थंड पेयाच्या कंपनीचा. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात पट्टा, तोंडात सारखं 'कम्युनिटी'.

कंपनी नवी वजनं देणार, नवा बाक देणार, झुळूकच्या बाटल्यांनी भरलेला फ्रिज देणार. बदल्यात काय? काही नाही. फळ्यावर रोज आरोग्याचा एक सुविचार. तो कंपनीच पाठवणार.

"नाव कोणाचं घालायचं?" कौसल्याबाईंनी विचारलं.

"नाव नको ओ मावशी, कंपनीला जाहिरात करायचीच नाहीये," विकास म्हणाला. "आम्हाला फक्त अवेअरनेस करायचाय."

"नाव लागतं."

"माझं घाल ना मावशी," अवधूत म्हणाला. "मीच देतोय तुला. अवधूत, खोली नऊ. झालं?"

झालं. बातमी देणारा समोर उभा, नाव देतोय. नियमात बसत होतं. कौसल्याबाई फसल्या त्या इथे, आणि फसल्या त्या नियम पाळून.

फ्रिज आणि बाटल्या त्याच आठवड्यात आल्या. पहिला सुविचार आला, 'आजाराचं मूळ आळस. चाला, धावा, निरोगी राहा.' मला पटला. चाळीस वर्षं पायावर उभा राहिलेला माणूस मी. हल्लीची पोरं एक मजला उतरायला लिफ्ट शोधतात, हे बघून माझं डोकं फिरतं. मी फळ्यापुढे उभा राहून मान डोलावली. दुसरा, 'बसून राहणं हाच खरा शत्रू.' हाही पटला. असे दहा-बारा झाले. सगळे घामाचे, मेहनतीचे. मग एका सोमवारी आला, 'साखरेला दोष देऊ नका. हालचाल करणाऱ्याला साखर बाधत नाही. — अवधूत, खोली ९.'

मी त्यालाही मान डोलावली. सवय लागली होती.

खोली नऊमध्ये अवधूतची आई राहते, कांता. कौसल्याबाईंची पन्नास वर्षांची मैत्रीण. कांताला शुगर आहे. गोड म्हटलं की तिला राहवत नाही, पण गेली सहा वर्षं तिने चहात साखर घातली नव्हती. का, तर कौसल्याबाई रोज येऊन तिचा चहा चाखून बघत.

त्या महिन्यात कांता दवाखान्यात गेली. पालिकेच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. जेवणाआधी तीनशे चाळीस. बाई ओरडल्या. कौसल्याबाई बरोबर होत्या, त्यांनाही ओरडल्या. घरी येताना जिन्याच्या पहिल्या वळणावर कौसल्याबाईंनी तिला अडवलं.

"काय खाल्लंस?"

"काय नाय गो."

"कांते."

"ती झुळूक घेतलंय. रोज एक. दुपारची."

"रोज एक बाटली? अक्कल गहाण टाकलीस काय?"

"मगे? तूच लिवलंस ना फळ्यार! हालचाल करणाऱ्याक बाधत नाय. मी गॅलरीत धा फेऱ्ये मारतंय, मगच पितंय."

"ते मी नाही लिहिलं. तुझ्या पोराने दिलं. खाली नाव आहे."

"अवध्याचा नाव कोण वाचता? अक्षर तुजा हा!"

कौसल्याबाई त्या पायरीवरच बसल्या. मी खालून वर येत होतो. मला म्हणाल्या, "कोंडीराम, अवधूतला साखरेतलं काय कळतं हो?"

मी म्हटलं, "लिफ्टमधलं कळतं."

"मग ही बातमी त्याची नाही. आणलेली आहे. सुताचं दुसरं टोक शोधायला पाहिजे."

संध्याकाळी त्यांनी अवधूतला धरलं. तुला हे कोणी दिलं? मोबाईलवर आलं. मोबाईलवर कोणाकडून? विकासकडून. विकासला कोणी दिलं? मॅडमनी, कंपनीच्या आहारतज्ज्ञ आहेत, शिकलेल्या आहेत, टीव्हीवर पण येतात.

"त्यांना बोलव," कौसल्याबाई म्हणाल्या.

बोलवायची गरज नव्हती. रविवारी व्यायामशाळेचं उद्घाटन होतं आणि मॅडमचं भाषण आधीच ठरलेलं होतं.

रविवारी गच्ची भरली. मॅडमचं नाव मानसी. पोरगी गोड, तिशीची, बहात्तर पायऱ्या चढून लाल झालेली. तिने वीस मिनिटं भाषण केलं. आपण कसे बसून राहतो, कसे चालत नाही, साखरेला उगाच कसं बदनाम केलंय, आत गेलेलं व्यायामाने खर्च केलं की झालं. टाळ्या पडल्या. मग विकास म्हणाला, "कोणाला काही प्रश्न?"

कौसल्याबाई उभ्या राहिल्या. हातात झुळूकची अर्ध्या लिटरची बाटली.

"मॅडम, यात साखर किती?"

"मावशी, ते लेबलवर आहे."

"मुंगीएवढं आहे. तुम्ही सांगा."

मानसीने बाटली घेतली, बघितली. "पंचावन्न ग्रॅम."

"चमच्यात?"

"अकरा... चहाचे अकरा चमचे."

गच्चीवर कुजबुज सुरू झाली. आमच्याकडे कपात दोन चमचे घालणाऱ्या पाहुण्याबद्दल आठवडाभर बोलतात.

"बरं. खर्च केली की झालं म्हणालात. किती काम केलं की खर्च होते?"

"साधारण पाऊण तास भरभर चाललं की."

"इथे भरभर कुठे चालणार? टॉवरवाल्यांनी फुटपाथ ठेवलाय? जिन्याचं सांगा. हाच जिना, बहात्तर पायऱ्या. चढायचं आणि उतरायचं, ही एक खेप."

इथे मला त्या पोरीचं कौतुक वाटलं. तिने टाळलं नाही. मोबाईल काढला, हिशेब केला, ओठ चावले, परत केला. "चौदा," ती म्हणाली. "साधारण चौदा खेपा."

"एका बाटलीला?"

"एका बाटलीला."

सगळे हसले. विकासही हसला, त्याला वाटलं कार्यक्रम रंगात आलाय. "बघा, म्हणजे अशक्य नाही! तरुणांनी चॅलेंज घ्यायला पाहिजे!"

"घेतलं," अवधूत म्हणाला. त्याने बसल्या बसल्या एक बाटली संपवलीच होती.

मी मोजायला खाली उभा राहिलो. खेपा मोजायच्या तर एकाच माणसाने, एकाच जागी उभं राहून मोजाव्यात. कौसल्याबाईंनी फळ्याच्या कोपऱ्यात खेपेला एक उभी रेघ मारायला घेतली. पहिल्या तीन खेपा अवधूत शिट्टी वाजवत चढला. पाचवीला शिट्टी बंद. सातवीला कठडा धरला. नववीला खाली आला तो पायरीवर बसला आणि उठेना.

"नऊ," मी म्हटलं.

"अजून पाच राहिल्या तुझ्या पोटात," कौसल्याबाई म्हणाल्या.

"पाणी... काहीतरी थंड द्या रे," अवधूत म्हणाला. विकासने लगबगीने झुळूक पुढे केली.

"पी," कौसल्याबाई म्हणाल्या. "पण मग मागच्या पाच आणि या चौदा. एकोणीस."

अवधूतने बाटलीकडे असं बघितलं, जसं माणूस सासूकडे बघतो. त्याने नळाचं पाणी मागितलं.

मॅडम खाली येऊन निघाल्या तेव्हा कौसल्याबाई त्यांच्याबरोबर रस्त्यापर्यंत गेल्या. वाटेत म्हणाल्या, "एक राहिलंच. माझी मैत्रीण कांता. शुगर आहे, गुडघे गेलेत. तिने किती खेपा मारायच्या?"

मानसी हळू बोलली, "त्यांनी पिऊच नये."

"ऐकू नाही आलं."

"शुगर असेल तर पिऊच नये, मावशी." या वेळी मलाही ऐकू आलं आणि मागच्या विकासलाही.

"हे तुमच्या नावाने लिहू?"

तिने विकासकडे बघितलं नाही. "लिहा," म्हणाली.

सोमवारी फळ्यावर आलं:

'झुळूकची एक बाटली = साखर ११ चमचे = गच्चीपर्यंत १४ खेपा. शुगर असणाऱ्यांनी पिऊच नये. — मानसी मॅडम, झुळूक कंपनी.'

दोऱ्याने आखलेल्या चार ओळी, एक अक्षर वाकडं नाही.

चाळीने झुळूक सोडली ती तब्येतीसाठी नाही. आम्हाला तब्येत कळत नाही, जिना कळतो. पाण्याच्या कळशा त्याच जिन्यावरून नेल्यात, सिलिंडर नेलाय, आजारी माणूस खुर्चीत बसवून उतरवलाय. 'पंचावन्न ग्रॅम' ऐकून कोणी दचकत नाही, 'चौदा खेपा' ऐकून पोटरी दुखते. आठवड्यात चौदा हा आकडा तोंडी बसला. पत्त्यांच्या डावात हरणाऱ्याला म्हणत, "चौदा मार." फ्रिजमधल्या बाटल्या तशाच राहिल्या.

दहाव्या दिवशी विकास आला. शर्ट इस्त्रीचाच, पण चेहरा चुरगळलेला. अवधूत आणि मी फळ्यापाशीच होतो. कौसल्याबाई स्टुलावर.

"मावशी, हे पुसायला लागेल."

"का? खोटं आहे?"

"खोटं नाही ओ. निगेटिव्ह आहे."

"तुमच्याच मॅडमचं आहे."

"मॅडम आता आमच्याकडे नाहीत," विकास म्हणाला.

कौसल्याबाई स्टुलावरून खाली उतरल्या. फडकं उचललं आणि फळ्याची खालची कडा पुसली. ती स्वच्छच होती.

"आधीचा सुविचार परत लावा," विकास म्हणाला. "साखरेला दोष देऊ नका, तोच. नाहीतर मला सामान परत न्यायला लागेल. वरून ऑर्डर आहे. अवधूतभाऊ, फळा कोणाचा? मंडळाचा ना?"

अवधूतने मान खाली घातली. वर नवी वजनं होती, संध्याकाळी वीस पोरं यायची. "फळा मंडळाचा आहे, मावशी," तो म्हणाला. "राग मानू नको. तुला जमत नसेल तर मी दुसऱ्या कोणाला सांगतो लिहायला."

एकतीस वर्षं. मी काहीतरी बोलणार होतो, पण कौसल्याबाईंनी हात केला. स्टूल अवधूतपुढे सरकवलं आणि खडू त्याच्या हातात दिला.

"दुसऱ्याला कशाला? तूच लिही. फळा मंडळाचा, तू मंडळाचा. फक्त एक. खाली नाव घाल. आणि आईला खाली बोलावून वाचून दाखव."

अवधूत स्टुलावर चढला. मॅडमच्या ओळी पुसल्या. गोल गोल पुसल्या, फळ्यावर ढग झाला. मी डोळे मिटले. तो लिहायला लागला, 'साखरेला दोष'. अक्षर डावीकडून उजवीकडे चढत गेलं, पुलासारखं. 'देऊ नका' झालं. दुसरी ओळ झाली. मग 'अ' काढला आणि थांबला.

वर पहिल्या मजल्याच्या गॅलरीत कांता कठड्याला टेकून उभी होती. कधी आली होती कोण जाणे.

"लिव रे," ती म्हणाली. "तू लिवलंस तर मी पितंय. पोराचा नाव असला तर इस्वास नको ठेवूक?"

अवधूत विकासकडे वळला. "साहेब, तुमचं नाव सांगा. आडनाव पण. मोबाईल नंबर टाकतो."

"माझं कशाला? मी नोकरी करतो फक्त."

"मग कंपनीच्या मोठ्या साहेबांचं?"

"असं नाव नसतं देत, अवधूतभाऊ. हा जनरल मेसेज आहे."

"म्हणजे नाव कोणाचंच नाही."

"तसं समजा."

अवधूत काढलेला 'अ' बाहीने पुसायला गेला, तो पुसला गेला नाही. मग फडकं घेऊन सगळंच पुसलं, या वेळी आडवं. खाली उतरला, खडू कौसल्याबाईंना परत दिला आणि म्हणाला, "नाव नाही, तर बातमी नाही, साहेब. सामान केव्हा नेताय?"

गुरुवारी नेलं. चार हमाल आले. वजनं, बाक, फ्रिज, बहात्तर पायऱ्या, सहा खेपा. मी मोजल्या. तिसऱ्या खेपेनंतर एक हमाल वळणावर धापा टाकत बसला. कौसल्याबाईंनी चौघांना लिंबूपाणी दिलं, मीठ घालून. पोरांनी जुना बाक परत विटेवर चढवला. अवधूतने त्या पायाला लाकडाची फळी मारायला घेतली, तिसऱ्या प्रयत्नात ती नीट बसली.

बाटल्यांचे दोन खोके हमालांनी नेलेच नाहीत. त्यांचा कागद नव्हता म्हणाले. ते जिन्याखाली पडून राहिले. कौसल्याबाईंना काही वाया गेलेलं बघवत नाही. त्यांनी एक बाटली फोडली, वाटीत ओतली आणि त्यात खडू भिजवले.

त्याच दिवशी कांता खाली आली. दवाखान्यातून आली होती. एकशे नव्वद. अजून जास्तच, पण डॉक्टरीणबाई ओरडल्या नव्हत्या.

"माजी एक बातमी लिव," ती म्हणाली.

"घरातली गोष्ट फळ्यावर कशाला?"

"लिव गो. सगळी चाळ माका गोड चाय पाजता. किती जणांक नाय म्हणू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यावर पाण्याच्या वेळेखाली आलं:

'मला शुगर आहे. चहात साखर घालून देऊ नये. आग्रह करू नये. — कांता, खोली ९.'

तिने ते तीनदा वाचलं आणि नावाखाली बोट फिरवलं. बोटाला खडू लागला नाही.

दहा वाजता फळ्यावर मुंग्या आल्या. अकराला ओळीच्या ओळी मुंग्यांच्या, नेमक्या अक्षरांवरून चालणाऱ्या. लांबून बघितलं तर कांताची बातमी काळ्या शाईत लिहिल्यासारखी दिसत होती आणि हलत होती. अख्खी चाळ गोळा होऊन हसली. कौसल्याबाई हसल्या नाहीत. फडकं भिजवून आणलं, सगळं पुसलं, आडवं, वाळू दिलं.

मग घरातून वाटी आणली. पाणी, एक चमचा साखर. सपाट. खडू बुडवले, भिजेपर्यंत तिथेच बसून राहिल्या, आणि कांताची बातमी पहिल्यापासून परत लिहिली.